शहापूरच्या रंगखान्यातले तीन दिवे

दाजींचं कार्ड आलं : "मंगळवारी माझ्या इंजिनाची वीज गावाच्या तारेला जोडणार. न्हाय जमलं तर इंजिन भंगारात अन् मी घरी. येऊन जावा." दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. बेळगावात शहापूरच्या एका रंगखान्यात आयुष्यभर एकाच इंजिनाला तेल घालणारा माणूस. मी भाकरी बांधून निघालो.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुठलं? निपाणीहून बेळगावची मोटार कोळशाच्या गॅसवर. जाणार असाल तर पुढची जागा धरा; भट्टी मागं असते. तवंदी घाटात सगळ्यांनी उतरून चालायचं. एक म्हातारी कंडक्टरला म्हणाली, "पैसं घिऊन चालाय लावतोस व्हय रं? फुकट चालले असते तर देव तरी पावला असता!" संकेश्वरला चहा आणि भाकरी-खर्डा झाला, तिसऱ्या प्रहरी बेळगाव.

दाजींचा कारखाना म्हणजे एका जाळावर दोन चुली. वाफ आधी इंजिन फिरवते, त्यावर वीज होते. उरलेली वाफ नळानं शेजारच्या शेडात जाऊन सूत रंगवायच्या कढया उकळते. तिथं आक्का मुकादम.

मंगळवारी भिंतीवर तीन दिवे टांगले होते. दोन्हीकडच्या विजेची चाल जुळेपर्यंत ते लुकलुकणार; जुळली की विझणार, त्याच घटकेला खटका ओढायचा. अंतरपाट सरकल्यासारखंच. पण दिवे थांबेचनात. इंजिन धापा टाकत होतं. वीज कंपनीचे साहेब म्हणाले, "आता एकदाच बघू." दाजी पुन्हा खटक्याशी जाऊन उभे राहिले.

मी पाण्याच्या निमित्तानं आक्काकडं गेलो. बघतो तर कढया धुऊन, हळदीकुंकू लावून गप्प! बायका हात जोडून उभ्या.

"आक्का, कढया बंद?"

"इंजिनाचा मानाचा दिवस न्हवं? आज काम कसं करायचं, बाळ्या?"

"अगं, वाफेला वाटच न्हाय! इंजिनाचा श्वास कोंडलाय."

"आई गं! आमीच गळा धरला की त्यांचा!" आक्का स्वतः धावली. वाफेच्या तोट्या उघडल्या, पाणी ओतलं, कुंकवासकट कढया उकळू लागल्या.

इंजिनाची धाप बसली. दिवे सावकाश लुकलुकले, मंदावले, तिन्ही विझले. दाजींनी खटका ओढला. ना धक्का, ना ठिणगी; काहीच झालं नाही, आणि तेच व्हायला हवं होतं. साहेबांनी मान डोलावली. दाजींनी फेट्याच्या शेवानं आधी इंजिन पुसलं, मग डोळे. दारात आक्का रंगानं कायमच्या निळ्या झालेल्या हातांनी उभी होती.

घरी आलो. बायको म्हणाली, "काय बघितलं?"

"तीन दिवे विझलेले."

"त्यासाठी एवढ्या लांब गेलता?"

त्यानंतर दाजींचं कार्ड नाही. कामावर असले की त्यांना लिहायला सवड नसते.