बाबांची उचकी

बाबांना सोमवारी उचकी लागली. कुणीतरी आठवण काढतंय म्हणून आईने मामापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन पाहिली. बुधवारपर्यंत नावं संपली, उचकी संपली नाही. तेव्हा मी गुपचूप गोठ्यात जाऊन फवारणीच्या औषधाच्या बाटल्या पाहून आले.

कापसाची ती वाईट वर्षं होती. राळेगावच्या आसपास माणूस जरा गप्प झाला, ताटावरून लवकर उठला, की घरचे आधी बाटली शोधत. त्यात मी जन्माची संशयी. दूधवालीच्या मापावरही माझा भरवसा नसे. बाबा जेवत नव्हते, मळमळतं म्हणत होते. एक बाटली अर्धी होती, आणि ती अर्धी का, हे मला कळेना. मी सगळ्या बाटल्या शेजारच्या काकूंकडे लपवल्या. आई पाणी द्यायच्या निमित्ताने वाकून बाबांच्या तोंडाचा वास घेऊ लागली.

बाबा शेतात निघाले की मी मागे. ते चपलेचा पट्टा उघडाच ठेवून फटफट चालत. जीव नकोसा झालेल्या माणसाला पट्ट्याचं काय, असं वाटून मला त्यांचा भयंकर राग येई. एकदा बांधावर थांबून ते म्हणाले, "काहून मागं मागं येऊन राह्यली वं?"

"सहजच," मी म्हटलं.

शनिवारी ओट्यावरून उठताना त्यांचा झोक गेला. जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत मीच म्हणाले, "साहेब, यांनी काही घेतलं का, ते पाहा."

डॉक्टरांनी त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. लघवी कधीपासून कमी आहे, त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस झाले असतीन," बाबा म्हणाले.

दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. उचकी, मळमळ, सगळं त्याचंच. फार उशिरा आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

मी बाबांवर ओरडलेच, "मंग सांगतलं काहून नाही तुमी?"

"सांगतलं असतं त काय केलं असतं? तुझ्या मायनं पुन्हा तोंडच हुंगलं असतं."

खाटेखाली त्यांच्या चपला होत्या. मी एकीचा पट्टा त्यांच्या पायावर ओढून पाहिला. सुजेमुळे तो बक्कलपर्यंत पोचतच नव्हता.