चिमणीची खुर्ची

शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परतेपर्यंतचा जो अधांतरी वेळ असतो, तो खुर्चीबाईंच्या ताब्यात असे. सहावी ते आठवीची पोरं. हात धरून न्यायला मोठी आणि घराची किल्ली द्यायला लहान. शाळेच्या वरच्या मजल्यावर, चित्रकलेच्या खोलीत, बाई त्यांच्याकडून गृहपाठ करून घेत, पुठ्ठ्याची घरं करून घेत. भांडणं पोरं आपापली करत.

याआधी बाई कापडाच्या दुकानात होत्या. गिऱ्हाईक उठलं की पसरलेलं कापड लगेच घडी करून फळीवर, ही तिथली शिस्त. तीच त्यांनी इथं आणली. घरी जाणाऱ्यानं आपली खुर्ची उचलून टेबलावर उलटी ठेवायची. खुर्ची खाली असेल तर पोर आत आहे. सगळ्या वर गेल्या की कुलूप. नणंद चिडवायची, "वहिनी, तुम्ही पोरं सांभाळता की फर्निचर?" बाई हसण्यावारी न्यायच्या. पोरं थापा मारतात, खुर्ची मारत नाही, असं त्यांचं ठाम मत. ते आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं, आणि घात तिथंच होता.

खुर्च्या होत्या जुन्या, लाकडी, चांगल्या वजनदार. सहावीतल्या चिमणीला तिची खुर्ची हलायचीसुद्धा नाही. मग आठवीतली शिडी, जी नावाप्रमाणेच उंच होती, जाताना स्वतःची ठेवून झाली की तिचीही उचलून ठेवायची. बाईंना त्याचं केवढं कौतुक.

सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी शाळेत वाळवीचं औषध मारायचं होतं. फवारणीवाले बाहेर टाक्या भरत होते. तोंडाला मोठाले मास्क, हातात रबरी मोजे. रखवालदार काका म्हणाले, बाई, आज जरा लवकर आवरा, औषध जालीम आहे, खोल्या फटी बुजवून बंद ठेवायच्या आहेत. बाई फाटकाशी उभ्या राहून त्या लोकांशी वाद घालू लागल्या, कारण पोरांची पुठ्ठ्याची घरं वरच्या खोलीत होती आणि त्यांवर औषध उडालं तर पोरं जीव खातील. त्या वादात फाटकातून कोण गेलं, कोण नाही, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

वर तेव्हा शिडी आणि चिमणी दोघीच उरल्या होत्या, आणि लपाछपी रंगात आली होती. राज्य शिडीवर होतं. चिमणी खोलीला लागून असलेल्या अडगळीत, नाटकाच्या जुन्या पडद्यांच्या ढिगात शिरली. इतक्यात शिडीच्या आईनं खालून हाक मारली, तीही अशी की दुसरी मारायची वेळ येऊ नये. शिडीनं राज्य तिथंच टाकलं, चिमणी येईल मागून, असं स्वतःशीच म्हणाली, आणि रोजच्या सवयीनं दोन्ही खुर्च्या उचलून पळाली.

बाई वर आल्या. सगळ्या खुर्च्या वर. त्यांनी दिवे घालवले, कुलूप लावलं आणि किल्ली काकांच्या हवाली केली.

फाटकात चिमणीचे बाबा भेटले. बसचालक माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी पोरगी कुठं आहे विचारलं.

"गेली की. तिची खुर्ची वर आहे," बाई म्हणाल्या.

आत्या कधीमधी परस्पर घेऊन जायची. बाबांनी तिला फोन लावला, तिनं उचलला नाही. ती कधीच उचलायची नाही. बाई इतक्या खात्रीनं म्हणाल्या म्हणून ते तिच्या घराकडे निघाले.

बाईही घरी निघाल्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे शिडी आईबरोबर उभी होती. बाईंनी सहज म्हणून विचारलं, काय गं, तुझी चिमणी आज आधीच उडाली वाटतं? शिडीनं आधी आईकडे बघितलं, मग बाईंकडे.

"नाही, ती लपली होती. मी तिची खुर्ची ठेवली फक्त."

त्या वयात आणि त्या चपलांत बाई कशा धावल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. खालच्या खोल्यांच्या दारांवर पट्ट्या चिकटवून झाल्या होत्या. जिन्यातच वास नाकात चढला. वर चित्रकलेच्या दाराची शेवटची फट बुजवणारा माणूस म्हणाला, आत कुणी नाही हो, आम्ही बघितलं, सगळ्या खुर्च्या वर होत्या.

"आणि अडगळ?"

"ती नाही उघडली. दाराखालून नळी घातली."

बाईंनी नखांनी पट्टी ओरबाडली. पदर तोंडाला लावून आत शिरल्या, अडगळीचं दार ढकललं. हाका मारल्या. उत्तर नाही. पडदे एकामागून एक ओढून काढले; जाड, धुळकट, संपता संपेनात. सर्वांत खालच्या पडद्यात चिमणी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. डोळे लाल, ओठ कोरडे. बाईंनी तिला उचलून जिन्यातून खाली, उघड्यावर आणलं. काकांनी तिच्या डोळ्यांवर पाणी मारलं आणि ते डॉक्टरांना बोलवायला धावले. चिमणी खोकली, ओकली, मग तिचा श्वास नीट चालू लागला.

तू दार का नाही वाजवलंस, असं बाईंनी विचारलं. नुसतं पुटपुटल्याच म्हणा ना.

"आधी वाटलं शिडीच आली," चिमणी म्हणाली. "मग फटीतून तोंड बांधलेली माणसं दिसली. म्हणून आणखी आत गेले."

आत्याच्या घरून रिकाम्या हातानं परतलेले बाबा फाटकातून आले ते हे ऐकतच. त्यांनी लेकीच्या डोळ्यांत बघितलं, तिच्या कपड्यांचा वास घेतला. मग बाईंकडे वळले.

"तुम्ही म्हणालात, गेली."

"म्हणाले," बाई म्हणाल्या.

बाबांनी चिमणीला कडेवर घेतलं. कडेवर घ्यायचं तिचं वय केव्हाच सरलं होतं. पाय त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. डॉक्टर येईपर्यंत ते तसेच, बाईंकडे पाठ करून उभे राहिले.

वरून कुणीतरी विचारलं, आता तरी खोली रिकामी आहे ना? बाईंना हो म्हणवेना. त्या उठल्या, पुन्हा जिना चढल्या, आणि एकेक दार उघडायला लावून आत हाका मारत सुटल्या.