डावा गुडघा

आमच्या स्काउटिंग रूममध्ये कामापेक्षा किस्से जास्त साठतात. खेळाडू येतात नि जातात, कोच तर त्याहून लवकर जातात, मागे उरतात ते असले किस्से. पार्टीत कुणी "तुझा जॉब नक्की काय रे?" विचारलं की मी एखादा सांगतो. लोक हसतात. या वर्षी मात्र सांगता सांगता मी मधेच गप्प होतो, आणि बायको विषय बदलते. म्हणून एकदाचे सगळे ओळीने सांगून टाकतो.

जॉब असा. अमेरिकन फुटबॉलची एक प्रोफेशनल टीम आहे, मिडवेस्टमधली. नाव सांगत नाही, काँट्रॅक्टमध्ये तसं लिहिलंय. दर एप्रिलला ड्राफ्ट होतो, म्हणजे सगळ्या टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात. सात फेऱ्या. मी ॲन आर्बरला स्टॅटिस्टिक्स शिकलो ते या पोरांची उंची, वजन, हात, पाय, घरदार, स्वभाव असं सगळं एका तक्त्यात बसवायला.

आईला हे फोनवर समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायला जातात तसंच की. पण नकार असेल तर कळवता का रे?"

नाही कळवत, म्हटलं.

* * *

आमच्याकडे वॉल्ट नावाचे म्हातारे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, होते. तीस वर्षं गाडी हाणत गावोगावची कॉलेजं पालथी घातलेला माणूस. दोन्ही गुडघे बदललेले, कमरेला कायम मेजरिंग टेप. या वर्षी त्यांनी कॅलेब शोधून आणला.

कॅलेब डिफेन्सिव्ह लाइनमन. म्हणजे समोरची माणसांची भिंत फोडून बॉल फेकणाऱ्याला लोळवायचं, हे ज्याचं काम तो. एकशे पस्तीस किलोचा पोरगा, साउथ डकोटातल्या एका एवढ्याशा कॉलेजचा. गावात मांस पॅक करायचा एक प्लांट, वडील तिथे, सुट्टीत हाही तिथेच. ड्राफ्टमध्ये नाव आलं तर फुटबॉल, नाही तर आयुष्यभर तो थंडगार प्लांट, इतका सरळ मामला होता. त्याने स्वतःच वॉल्टना तसं सांगितलं होतं.

आमचे बॉस डेनिस. त्यांचा नियम, लाइनमनचा हात तेहेतीस इंच हवा. कॅलेबचा भरला बत्तीस आणि सात-अष्टमांश. आमच्या धंद्यात सगळं अष्टमांशात मोजतात. डेनिसनी तिथल्या तिथे तोंड वाकडं केलं.

वॉल्टनी टेप गुंडाळत शांतपणे विचारलं, "नखं वाढवायला सांगू का त्याला?"

* * *

मग व्हिडिओवर इंटरव्ह्यू झाला. कॅलेबच्या घरात पाच भावंडं, शांत जागा नाही, म्हणून तो वडिलांच्या ट्रकमध्ये जाऊन बसला. फोन डॅशबोर्डवर टेकवलेला. एवढा मोठा देह त्या कॅमेऱ्यात मावेना, अर्धाच चेहरा दिसत होता. डेनिसनी नेहमीचे तिरके प्रश्न विचारले. पोरगा प्रत्येक उत्तराआधी "सर" म्हणत होता.

संध्याकाळी डेनिसचा शेरा आला, "आय कॉन्टॅक्ट कमी."

वॉल्ट म्हणाले, "एकच डोळा दिसत होता. त्या एकाने तो बघतच होता."

एवढं झालं तरी कॅलेब आमच्या बोर्डावर, म्हणजे भिंतीवरच्या पसंतीच्या यादीत, पाचव्या फेरीत बसला. लहान कॉलेजच्या पोरासाठी ही मोठी गोष्ट. वॉल्ट त्या दिवशी सगळ्यांना डोनट घेऊन आले.

* * *

आता निखिल. आमचा असिस्टंट ट्रेनर, म्हणजे खेळाडूंचे सांधे बघणारा. जन्म जर्सी सिटीतला, आईवडील साताऱ्याचे. मराठी शिकला आजीकडून, तीही उन्हाळ्याच्या सुट्टीत. मला दादा म्हणतो, बायकोला वहिनी. पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा दारातच म्हणाला, "वहिनी, मी भूक आहे." बायकोला त्याचं फार कौतुक वाटलं.

आम्ही दोघं एकत्र दौऱ्यावर निघालो की डेनिस खूश असायचे. कारण मराठी! कॉलेजच्या जिममध्ये वेगवेगळ्या टीमचे स्काउट भिंतीला लागून उभे असतात, कान टवकारून. तिथे आम्ही दोघं मोठ्याने बोललो तरी कुणाला ओ की ठो कळत नाही. डेनिस सगळ्यांना सांगायचे, "माझ्याकडे असा कोड आहे जो कुणाच्या बापाला फुटणार नाही."

खरंच नाही फुटला. आम्हालाही नाही.

* * *

मार्चमध्ये कॅलेबच्या कॉलेजात चाचणी होती. पळणं, उड्या, वजन उचलणं. निखिल तिथल्या ट्रेनरशी कोपऱ्यात गप्पा मारून आला आणि सगळ्या स्काउटांच्या देखत मला म्हणाला, "दादा, डावा गुडघा. नोव्हेंबरपासून. ही इज हायडिंग इट. सिरियस नाही वाटत, पण लिहून ठेव."

हे सगळं ऐकीव. असलं निखिलने स्वतःच्या मेडिकल कागदावर आणायचं नसतं, म्हणून ते माझ्या रिपोर्टात गेलं. मी टाइप केलं: डावा गुडघा, पाच महिने, खेळाडू लपवतो. सूत्र खात्रीचं.

सिरियस नाही, हे मी लिहिलं नाही. एकशे पस्तीस किलो ज्याच्यावर उभे राहतात तो गुडघा सिरियस नाही असं कसं म्हणायचं? बड्या कॉलेजच्या पोरांची हिवाळ्यात एकत्र मेडिकल तपासणी होते, तिथे कॅलेबला बोलावणंच नव्हतं. त्यामुळे पडताळून बघायला दुसरा कागदही नाही. डेनिसनी त्याच्या नावापुढे लाल ठिपका चिकटवला. पाचव्या फेरीतलं नाव सातव्याच्याही खाली गेलं.

वॉल्ट बोर्डापुढे बराच वेळ उभे राहिले. "मी त्याला पाच मॅच बघितलाय," म्हणाले, "गुडघा कळतो मला, दोन बदललेत मी."

डेनिसनी पुढच्या नावाची फाइल उघडली.

* * *

ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी निखिल जेवायला आला. एप्रिल असूनही आमच्या ड्राइव्हवेवर बर्फाचा पातळ थर होता. गाडीतून उतरताच पठ्ठ्या सपशेल आडवा!

आत आणून सोफ्यावर बसवला. तो कळवळून म्हणत होता, "वहिनी, गुडघा, गुडघा." बायको फ्रीजरमधली मटारची पिशवी घेऊन धावली आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"तिथे नाही, वहिनी," निखिल म्हणाला, "गुडघा." आणि पिशवी उचलून त्याने घोट्यावर ठेवली.

बायको हसत सुटली. "अरे, याला घोटा म्हणतात. घोटा म्हणजे अँकल. गुडघा म्हणजे नी!"

तोही हसला. म्हणाला, आय ऑलवेज मिक्स देम अप, आजी पण चिडवायची.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. शरीरातलं प्रत्येक हाड इंग्रजीत तोंडपाठ असलेला तो पोरगा पांढरा पडला. "दादा," तो हळूच म्हणाला, "यू डिडन्ट राइट नी, राइट?"

बायकोने मसालेभात केला होता. तो तसाच राहिला.

* * *

सोमवारी सकाळी आठ वाजता मी डेनिससमोर उभा. सगळं सांगितलं. मुरगळलेला घोटा आहे, गुडघा नाही. चूक माझी, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. नोकरी जाईल असं धरूनच गेलो होतो.

डेनिस ओरडले नाहीत. कपाळ चोळत म्हणाले, एक अडचण आहे. ती बातमी त्यांनी दोन ओळखीच्या टीमना सांगितली होती. स्काउट लोक अशी देवघेव करतात, तू मला एक सांग, मी तुला एक सांगतो. मी म्हटलं, मग आत्ता फोन करून दुरुस्त करा. त्यांनी माझ्यासमोर फोन केला. पलीकडचा माणूस खो खो हसला. ड्राफ्टच्या आठवड्यात कुणी खरं बोलत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कालपर्यंत वाईट म्हणत होतात, आज अचानक चांगला म्हणताय, म्हणजे काहीतरी गेम आहे, असं त्याचं म्हणणं.

डेनिसनी आणखी तीन ठिकाणी चाचपलं. ज्यांना त्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं, त्यांच्याही बोर्डावर डावा गुडघा होता.

फोन ठेवून ते बोर्डाकडे गेले. लाल ठिपका काढला, हातात धरून विचार केला आणि त्या जागी पिवळा लावला.

मी म्हटलं, "पण काहीच नाहीये त्याला."

"इतक्या टीमना माहीत आहे," डेनिस म्हणाले, "म्हणजे काहीतरी असेलच ना."

* * *

ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, शेवटच्या फेऱ्या असतात. पाचवी गेली, सहावी गेली. सातव्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा वॉल्ट खुर्चीत पुढे सरकून बसले. डेनिसनी एक किकर, म्हणजे बॉलला नुसती लाथ मारणारा, घेतला. कॅलेबचं नाव कुणीच घेतलं नाही.

स्काउटांची काँट्रॅक्ट ड्राफ्टनंतर संपतात, ही या धंद्याची रीत. वॉल्टचं रिन्यू होणार नव्हतं, हे त्यांना जानेवारीपासून माहीत होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला तरी आत्ता, जाकीट चढवता चढवता सांगितलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण तिथे तसं करत नाहीत.

न निवडलेल्या पोरांना टीम मे महिन्यात नुसत्या ट्रायलला बोलावू शकते. वॉल्टनी तेवढं डेनिसकडून मिळवलं आणि शेवटचं काम म्हणून कॅलेबला फोन लावला. स्पीकरवर. मागे भावंडांचा गलका, मग ट्रकचं दार बंद झाल्याचा आवाज आणि शांतता.

वॉल्टनी ट्रायलचं सांगितलं. तो हो सर म्हणाला, थँक यू सर म्हणाला. मग म्हणाला, एक विचारू का?

वॉल्टनी फोन माझ्यासमोर ठेवला.

"सर, महिनाभर सगळ्या टीम माझ्या डाव्या गुडघ्याबद्दल विचारतायत. मी डॉक्टरकडे जाऊन आलो, दोनदा. त्यांना काही सापडत नाही. तुम्हाला काय दिसलं, ते मला सांगाल का? मी रागावणार नाही." ट्रकचं सीट करकरलं. "कारण खरं सांगू का सर, हल्ली तो दुखायला लागलाय."