बरडाखालचं अंजन

धामणगाव बढ्याहून रस्ता सोडून आत गेलं की अंबूबाईचं गाव लागतं. गावामागे बरड आहे. मुरमाड, उतरतं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं. त्यावर मोठं झाड एकच, म्हातारं अंजन.

एका साली त्या झाडानं शेंगांचा सडा घातला. पावसाळ्यात बरडभर बोटाएवढी रोपं उभी राहिली. आपट्यासारखी जोडपानं, कोवळी, तांबूस. अंबूबाई सरपणाला गेली होती. मोळी टाकून ती पाहतच बसली.

मग ती ग्रामसभेत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणाली, "बकऱ्या थांबवा. रान येऊन राह्यलं तिथं."

गावानं ऐकलं. चराई बंद झाली. राखण अर्थातच तिच्या गळ्यात पडली.

तिनं जीव लावून राखलं. बरडावरची बोराटीची झुडपं तोडली आणि त्याच काट्यांचं कुंपण कडेनं घातलं. बकऱ्या अडल्या, वर रोपांना मोकळं ऊन मिळालं. एका कामात दोन कामं झाली म्हणून ती खूश होती.

उन्हाळ्यात रोपं वाळली. पावसाळ्यात पुन्हा कोंब आले, पुढच्या उन्हाळ्यात तेही वाळले. दरसाल तेच, आणि उंची तीच, बोटाएवढी. जुनी मेली, नवी उगवली, असं ती समजायची.

तिचा धाकटा दीर गोविंदा बकऱ्या घेऊन दूर नाल्याकडं जायचा. जाताना कुंपणापाशी हमखास थांबायचा.

"ओ वहिनी, तुमच्या जंगलात वाघ आला का?"

"आला नं. तुमच्या बकऱ्याईचीच वाट पाहून राह्यला."

ती हसून बोलायची. पण यंदाच्या उन्हाळ्यात हसू येईना. बरड चराईला उघडायचं की नाही, हे उद्याच्या सभेत ठरणार होतं. आधी लोक बरड पाहायला येणार होते, आणि दाखवायला तिच्याकडं काहीच नव्हतं. सगळीकडं नुसत्या वाळल्या काड्या. एकदा बकऱ्या शिरल्या की तिचा शब्द गेला आणि रानही गेलं.

तिनं नर्सरीतून कडुनिंबाचं एक रोप आणलं. निदान एक हिरवं पान दिसावं, एवढाच विचार. कुदळ घेऊन ती खड्डा खणायला बसली. मध्ये एक काडी आडवी आली. आगकाडीएवढी, वाळलेली. तिनं ओढली. काडी निघेना.

तिनं कुदळीनं बाजूची माती सैल केली. मातीत काडी जाड झाली. करंगळीएवढी, मग अंगठ्याएवढी.

"काय करून राह्यल्या, वहिनी?" गोविंदा कुंपणापाशी उभा होता. "विहीर?"

"इकडं या, भाऊजी. पाहा बरं हे."

तो हसत आला. वाकला. त्यानं तिच्या हातातली कुदळ घेतली. गुडघाभर खणलं. मूळ खालीच जात होतं. मुरूम फोडला. कमरेएवढं खणलं, तरी मूळ सरळ खाली, आणि शेवट दिसेना.

अंबूबाईनं मुळावर नख ओढलं. आत ओलं होतं. एवढ्या उन्हात, या मुरमात, ओलं.

तिनं वर पाहिलं. बरडभर काड्या होत्या. इतकी वर्षं ज्यांना ती मेलेलं समजत होती, ती त्याच पहिल्या पावसाळ्यातली रोपं होती. ऊन आलं की वरचं सोडून द्यायची, आणि खाली जात राहायची. ती ज्या जमिनीवर बसली होती, तिच्या खाली रान उभं होतं.

अंबूबाईनं मूठभर माती मुळावर टाकली.

"बुजवा, भाऊजी. हवा लागन त्याले."

गोविंदानं हातानं माती लोटली. मग उठून त्यानं खडकाकडं बोट केलं. "तिथलं एक तं हिरवं हाय."

खडकाच्या फटीत एक बोराटी होती. तिथवर कोयता पोहोचला नव्हता. तिच्या सावलीत अंजनाचं रोप, गुडघ्याएवढं, उन्हाळ्यातही पानं धरून उभं होतं.

"बाकीच्यायची छत्री तुम्हीच काढली, वहिनी."

ती उठली. सरळ कुंपणाकडं गेली, काट्याची एक फांदी ओढून काढली आणि एका काडीवर सावलीला घातली. मग दुसरी. मग तिसरी.

"अवं वहिनी, कुंपण मोडून राह्यल्या तुम्ही! बकऱ्या घुसतीन नं!"

"कोणाच्या?"

गोविंदानं कुंपणाबाहेरच्या आपल्या बकऱ्यांकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लोक बरडावर आले. काड्या, मोडकं कुंपण आणि एक हिरवं रोप. कोणीतरी म्हणालं, कुंपणच नाही तर राखणार कोण?

अंबूबाईनं तोंड उघडायच्या आधी गोविंदा पुढं झाला. "मी राखतो," तो म्हणाला. लोक हसले. तो हसला नाही. "हसा. पण पायाखाली पाहून चाला बे. काडीवर पाय नोका देऊ, खाली जितं रान हाय."

गर्दी एकाएकी थबकली. ज्याचा पाय उचललेला होता, त्याला तो ठेवायला जागा सापडेना.