मानपत्रातला स्वेटर

बंगळुरात बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीत प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदनानंतर एका रहिवाशाचा सत्कार होतो. पेटा नावाची म्हैसुरी पगडी, शाल, नारळ आणि मानपत्र ही त्याची ठरलेली अंगे. पहिली तीन बाजारात मिळतात. चौथे मी लिहितो, कारण मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्त शिक्षकाला रिकामे बसू देऊ नये, याविषयी आमच्या समितीत पूर्ण एकमत आहे.

यंदाचे सत्कारमूर्ती होते तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा, सैन्यातले निवृत्त हवालदार. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बंगळुरातले. ऐन गोळीबारात त्यांनी एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन डोंगरावरून खाली आणले होते, एवढे सर्वांना ठाऊक होते. तेवढ्या भांडवलावर मी मानपत्र रचले आणि त्यांना वाचून दाखवले.

"'सिंहासारखी झेप घेऊन'?" अण्णांनी तिथेच थांबवले. "मास्तर, सिंह कुठनं आणला? मी पोटावर सरपटत गेलो होतो. सिंह सरपटतो काय?"

"तो अलंकार आहे, अण्णा."

"अलंकार देवीला घाला. मागं एका सभेत असंच वाचत होते, मी एकट्यानं चौकी जिंकली म्हणून. मी उठून घरी आलो, नारळसुद्धा तिथंच सोडला. एक वाक्य खोटं निघालं तर याही वेळी उठणार. सरी? ठरलं ना?"

विशेषण लिहिण्यापूर्वी त्याचा पुरावा शोधावा, असे मी मुलांना नेहमी सांगत असे. तो नियम माझ्याच लेखणीला लावल्यावर अर्धे पान गळाले. रिकाम्या जागेसाठी माहिती हवी होती. सुदैवाने ते वाचलेले सोबतीच त्या दिवसांत के. आर. पुरमला मुलीकडे आले होते. निपाणीकडचे गृहस्थ, एक पाय कृत्रिम, आवाज मात्र दोन माणसांचा. मी त्यांना आणि अण्णांना एकत्रच चहाला बोलावले.

"याला पदक नाही मिळालं, मास्तर," ते बसता बसताच म्हणाले. "असे पुष्कळ असतात. कोण कुणाला ओढून आणतोय, हे बघायला तिथं साहेब थोडेच उभे असतात? मला एकदा चारचौघांत याचे आभार मानायचेत. एकट्याला म्हटलं की हा लगेच पाऊसपाण्याचं विचारतो."

"त्या वाटेवर अण्णा आपल्याशी काय बोलले?" मी विचारले. मातृभूमीविषयी एखादा उद्गार मिळेल, अशी माझी आशा होती.

"शिव्या घातल्या! माझे डोळे मिटायला लागले की हा ओरडायचा, 'माझ्या बायकोनं विणलेला स्वेटर अंगात घालून मेलास, तर मी घरी काय तोंड दाखवू?' थंडी वाजते म्हणून यानंच दिलेला हो! मला असा संताप आला की झोप पार उडाली. मी वाचलो तो त्या संतापावर. आभार मानीन तर त्या वाक्याचे."

अण्णा कपात पाहत होते. "ते वाक्य नको."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे रे, तीच तर पंचाईत. घरी मी सांगितलंय, स्वेटर रेल्वेत हरवला. तिनं माझी अख्खी सुट्टी तो विणण्यात घालवली होती. दुसऱ्याला दिला म्हणून कसं सांगू?"

"गोळ्यांत सरपटतोस आणि वहिनींना भितोस!" सोबती गरजले. "ते वाक्य नसेल तर मी येत नाही. हा रिंग रोडचा ट्रॅफिक तुडवून अर्धवट गोष्ट सांगायला कोण येतो?"

खोटे लिहिले तर सत्कारमूर्ती उठणार. खरे गाळले तर पाहुणे येणार नाहीत. अशा प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नसते. दोघे बराच वेळ भांडले. पोहे संपले, तेव्हा अण्णा नमले. "तूच बोल. मी पहिल्या रांगेकडं बघणार नाही."

कार्यक्रमात मी मानपत्र वाचले. ते आखूड होते. त्यात एकही प्राणी नव्हता. मग सोबती काठी टेकत ध्वनिक्षेपकापाशी आले आणि त्यांनी ते वाक्य मूळच्या आवाजात म्हटले. लॉनवरचे कावळे उडाले.

पहिल्या रांगेत अक्का उभ्या राहिल्या. अण्णांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणतो.

"रेल्वेत हरवला होता ना हो?"

सगळी सोसायटी हसली. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले; माझी नजर नारळाकडे गेली.

"आणि मग गेला कुठं तो, भाऊजी?"

"तंबूत डॉक्टरांनी कात्रीनं कापला, वहिनी. पार भिजला होता."

कशाने भिजला होता, हे कोणी विचारले नाही. हसू थांबले. अक्का पायऱ्या चढून व्यासपीठावर आल्या, सोबत्यांच्या पाठीमागे गेल्या आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वितीने माप घेतले.

"स्वल्प रुंद झालात. आता मोठा लागेल." मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही बसा. शाल घ्यायची आहे अजून."

अण्णा बसले. संध्याकाळी अक्कांनी आमच्याकडे नारळाच्या वड्या पाठवल्या.