बरखास्त झालेल्या मतदारसंघातली माझी मुलगी

"आई, मी आज मत दिलं," असं माझी मुलगी इंग्लंडहून फोनवर म्हणाली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणाली अर्थातच इंग्रजीत. जन्म कुवेतचा, शाळा इथलीच. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. शिकायला म्हणून तिकडे गेली, शिक्षण झाल्यावर नोकरीला लागली. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहते. या बाईंना ती आजी म्हणते. सख्ख्या आजीशी रत्नागिरीला फोनवर बोल म्हटलं तर दहा कारणं सांगायची, पण ते असो.

"मत दिलंस? कुठे?" मी विचारलं.

"इथे. दुसरं कुठे देणार? आमच्या कॉन्स्टिट्युएन्सीत." आणि मतदारसंघाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिकडे आधीच पुरेसे लोक माझ्यावर नाराज आहेत.

तर तिचं ते "आमच्या" मला खटकलं. कुवेतला आमच्याजवळ महबूलात इतकी वर्षं राहिली, समुद्रावर खेळली, खालच्या बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, मालकाच्या अंगाखांद्यावर वाढली, पण "आमचं महबूला" असं कधी तोंडातून निघालं नाही. आणि परक्या देशात मत? मी त्यावर कसा विश्वास ठेवू? मी कुवेत सिटीत एका कंपनीच्या ऑफिसात इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, कागदपत्रं तयार करते. मंदूब, म्हणजे सरकारी खेटे घालणारा आमचा माणूस, ती घेऊन पळतो, आणि कागदात चूक निघाली तर शिव्या मला बसतात. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते. राहणारा तो राहणारा आणि नागरिक तो नागरिक. तुम्ही इथे जन्म काढा, केस पांढरे करा, राहणाऱ्याचा नागरिक होत नाही. निवडणुका आम्हीही पाहिल्यात इथे. रस्त्यावरचे मोठमोठे फलक, तंबू, गाड्यांची रांग. सगळं गाडीच्या काचेतून. आपल्याला कोण विचारतंय?

म्हणजे मुलीने मत दिलं असेल, तर ती तिथली नागरिक झाली. आणि इतक्या लवकर नागरिक व्हायचं, तर वाट एकच. लग्न.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडीत मी नवऱ्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो गाडी चालवत होता आणि हमरस्त्यावर नेहमीसारखं तुंबलेलं होतं, त्यामुळे त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"अगं, सरळ विचार ना तिला," तो म्हणाला.

"विचारल्यावर खरं सांगणार आहे का ती?"

"विचारून तर बघ."

झालं. आमच्या ह्यांचं हे असं. कशातच पाणी मुरताना दिसत नाही त्यांना. मी खिडकीबाहेर बघत बसले. हवेत धूळ होती, समोरची गाडीसुद्धा धड दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी मुलीने फोटो पाठवला. मतदान केंद्राच्या दारात ती उभी, शेजारी एक मोठा केसाळ कुत्रा. तिकडे म्हणे मत द्यायला कुत्रे घेऊन जायची आणि दारात त्यांचे फोटो काढायची पद्धतच आहे. बरं, असेल. मी फोटो बोटांनी मोठा केला. आधी डावा हात बघितला. मग उजवा. शाई नाही! मी आयुष्यात एकदाच मत दिलंय, लग्नाच्या आधी, गावच्या शाळेत, आणि नखावरची ती शाई कितीतरी दिवस मिरवली होती. माझ्या मते मत दिलेल्या माणसाच्या बोटावर शाई असतेच. हिची बोटं लख्ख, नवऱ्यालाही दाखवली. म्हणजे मत दिलंच नाही? मग खोटं कशाला बोलली? आणि फोटोच्या कडेला, कुत्र्याची दोरी धरलेला एक हात. नुसता हात आणि जाड कोटाची बाही. पुरुषी बाही.

आता सांगा, मी शंका घ्यायची नाही तर काय करायचं?

जेवणाच्या सुट्टीत मी तो मतदारसंघ शोधायला घेतला. संगणकावर त्याचं अख्खं पान निघालं, जन्मापासूनचं. डबा उघडाच राहिला. पूर्वी म्हणे तिथून दोन-दोन खासदार जायचे. मग एकच. एका घराण्यात बाप निवडून आला, मग मुलगा. आपल्याकडचंच वाटायला लागलं मला. पुढे निवडून आलेल्यांच्या रांगेत एका पक्षाची निळी पट्टी, मग दुसऱ्याची लाल, आणि मग लालच लाल, पिढ्यान्पिढ्या. एका निवडणुकीत इतकं अटीतटीचं झालं की मतं पुन्हा मोजली, त्यावर हरलेल्याने पुन्हा मोजायला लावली. एक खासदार मधेच वारला, त्याची पोटनिवडणूक झाली, तिच्यात कोणीतरी विदूषकासारखं सोंग घेऊन उभा होता आणि त्यालाही मतं पडली होती. खरं सांगते, मला रस वाटायला लागला होता. पण मी रस घ्यायला बसले नव्हते.

पानाच्या सुरुवातीलाच, जे वाचायचं मी उत्साहात सोडलं होतं, तिथे लिहिलेलं होतं की हा मतदारसंघ आता नाही. सीमा नव्याने आखल्या, याचे दोन तुकडे करून शेजारच्यांना दिले. बरखास्त! आणि आमची ठमाबाई म्हणते मी तिथे मत दिलं.

 आता मला कशाचीच संगती लागेना. खोटं बोलत असेल तर लग्न झालेलं नाही, पण मग ती उगाच खोटं का बोलते? आणि खरं बोलत असेल तर जावई! दोन्हीकडून मुलगी हातातून गेल्यासारखी वाटली.

तेवढ्यात पानावर आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्याच निवडणुकांच्या निकालात, सगळ्यात तळाशी, एकच अपक्ष माणूस. दर वेळी उभा, दर वेळी शेवटचा, अनामत जप्त. त्याचं आडनाव घरमालकिणीचं होतं. मी ताडकन उठलेच. राजकारणातलं घर! कुवेतमध्ये राहिलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. इथे ओळखीला वास्ता म्हणतात, आणि वास्ता असेल तर महिन्याचं काम एका सकाळीत होतं. त्या बाईंना मुलगा असणार, मुलाला वरच्या खोलीतली मुलगी आवडली असणार, आणि घरचा वास्ता असल्यावर पासपोर्टला किती वेळ? कुत्र्याची दोरी कोणाच्या हातात होती, तेही कळलं.

त्या आठवड्यात मी तिला फोनवर आडून आडून घोळात घेतलं. "काय गं, मत देताना ओळख काय दाखवावी लागते?"

"पासपोर्ट दाखवला."

बघा! मी आवाजात काही दिसू दिलं नाही. "आणि कोण आलं निवडून?"

तिने नाव सांगितलं. ते मी वाचलेल्या रांगेत कुठेच नव्हतं. मग म्हणाली की मतदारसंघ आता वेगळा झालाय, पण आजी जुनंच नाव घेतात म्हणून तिच्याही तोंडात तेच बसलंय. त्यांचे कै. मिस्टर तिथून उभे राहायचे. म्हणाली, "आई, इथे लोक दार वाजवून येतात आणि मला विचारतात, तुला काय वाटतं? मला! इतकं मस्त वाटतं."

"त्यांना मूलबाळ?"

"कोणाला?"

"त्या बाईंना."

"आई, तू हे का विचारतेयस?"

"सहज." मी विषय बदलला आणि तिला जेवलीस का विचारलं. ताकास तूर लागू दिली नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर दापोलीकडची एक भाभी राहते. तिचा भाऊ मुलीच्या शेजारच्याच गावात किराणा दुकान चालवतो. मी भाभीला म्हटलं, भावाला सांग, जरा चक्कर टाकून ये, तिच्या आईने चार चकल्या दिल्यात म्हणून सांग, आणि घरात कोण कोण आहे ते बघ. भाभी चांगली आहे, पण तिचा भाऊ अगदीच सरळ निघाला. चकल्या दुकानातल्या घेऊन गेला, दार वाजवलं, म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. त्यांना वाटलं, पुन्हा कोणी प्रचारवाला आला. आत बसवून चहा दिला, आणि त्याने चहा घेता घेता विचारलं, "तुमच्याकडे राहणाऱ्या मुलीचे मिस्टर कामावर गेलेत का?"

त्याचा निरोप भाभीकडून असा आला की घरात पुरुष नाही, मुलगा नाही, एक म्हातारी आणि एक कुत्रा. म्हातारी मात्र बाप्यासारखा लांबलचक कोट घालून बागेत वावरते.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मग पासपोर्ट कुठून आला?

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. जेवणं झाली होती, नवरा संत्रं सोलत बसला होता. मी नेहमीसारखं "बोल गं" म्हटलं. ती मराठीत बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द जुळवून. ती माझ्याशी मराठीत बोलतेय म्हटल्यावरच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"आई, तू माझ्या घरी माणूस पाठवलास?"

"चकल्या पाठवल्या."

"त्याने आजींना विचारलं, माझा नवरा कुठे आहे. आजींनी मला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस. मी काय सांगू त्यांना?"

"मला सांग ना मग! मत कसं दिलंस तू? कोणाच्या पासपोर्टवर?"

"माझ्या. आपल्या. अशोकस्तंभाचा. यांचं ज्या देशांवर राज्य होतं ना, त्यातल्या पुष्कळ देशांची माणसं इथे राहत असतील तर त्यांना मत देता येतं. नागरिक व्हावं लागत नाही. आणि इथे शाई लावत नाहीत, तू ते पण विचारणार होतीस ना? बाबांनी विचारलं होतं तुझ्यासाठी."

"बाबांनी?"

"मत दिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो संत्र्याचे धागे काढत होता. "अहो, तुम्हाला माहीत होतं? आणि मूग गिळून बसलात?"

"तिनेच सांगू दे म्हटलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू विचारशील."

माझा संताप संताप झाला. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं होतं. आणि तरीही, मी काय करू, माझा स्वभाव, मी फोनमध्ये म्हटलं, "बरं, म्हणजे लग्न केलेलं नाहीस ना?"

 ती म्हणाली, "नाही केलं. पण आता केलं ना, तर तुला नाही सांगणार."

रागाने म्हणाली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. पण उद्या सुट्टी आहे असं सांगावं, तसं म्हणाली. मला एकदम रडू आलं, आणि ते तिला कळू नये म्हणून मी फोन ठेवला.

यात माझं काय चुकलं, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. आई शंका घेणार नाही तर काय तो अपक्ष उमेदवार घेणार? पण फोन आता नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. तो स्पीकर लावतो, "आई पण आहे" म्हणतो, आणि मग ती हवेबद्दल बोलते, कुत्र्याबद्दल बोलते. मीही "काळजी घे" म्हणते.

परवा तो फोन घेऊन बाल्कनीत गेला आणि सरकतं दार ओढून घेतलं. मी आतून काचेपाशी उभी राहिले. तो हसला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "आईला मी सांगतो, वेळ बघून. तू नको काळजी करूस." काच बंद असली तरी मला नीट ऐकू आलं.

तो आत आला. "काय म्हणत होती?" मी विचारलं.

"काही नाही. पाऊस आहे म्हणाली तिकडे."

मला पुढचं विचारायचं होतं. धीर झाला नाही.