तांब्यातलं उरलेलं पाणी

एप्रिलात सूर्यमाळला फिरायला आलेली शहरी माणसं आमच्या पाड्यावरही चढून यायची. खाली लांबवर तलाव चमकायचा. "नशीबवान आहात, रोज हे बघता," त्यातली एक बाई आईला म्हणाली.

कसलं डोंबलाचं नशीब. तलावाचं पाणी मुंबईला जायचं आणि आम्ही झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडा भरायचो. तरी दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही आमची रीत. आईने तांब्या भरून दिला. बाईने दोन घोट घेतले आणि उरलेल्या पाण्याने बुटांवरची धूळ धुतली.

मी तोंड उघडणार, तोच आईने माझा हात दाबला आणि तिला विचारलं, "आजून देऊ का?"

त्या बाईचा चेहरासुद्धा आता आठवत नाही. आईवरचा राग अजून जात नाही.